तुळशीतली तार

पिंपळखुटे मास्तरांना मी कधी रागावलेलं पाहिलं नाही. सहा वर्षं आम्ही आर्वीत बरोबर काढली. ते मुलांच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत, मी मुलींच्या शाळेत मराठी, आणि आठवड्यातून दोनदा ते आमच्या मुलींचा विज्ञानाचा तास घ्यायला येत. एवढ्या काळात त्यांनी कोणावर हात उचलला नाही, आवाज चढवला नाही, कोणाला वावगा शब्द बोलले नाहीत. अंगावर खादी, चहा-तंबाखूचं नाव नाही. जातपात मानत नसत आणि सोवळंओवळं तर मुळीच नाही. म्हणत, विटाळ मोजायचं यंत्र आणून द्या, मग मानतो. अशा माणसाबद्दल वाईट लिहायला बसलं की लोक म्हणणार, बाईंचं काहीतरी जुनं दुखणं असेल. आहेच.

दिसायला बुटके, अंगाने वाळलेले, आणि त्या मानाने कान मोठे. कोणी बोलायला लागलं की मान डावीकडे कलती करून डोळे मिटून घेत. पहिल्या भेटीत मला वाटलं, काय आदराने ऐकतो हा माणूस! मग कळलं की ते आपलं बोलणं ऐकतच नाहीत, आवाज कुठे कापरा होतो तेवढं टिपतात. तिथे बरोबर बोट ठेवायचे. आमच्या शाळेतल्या एका मुलीला 'क' लवकर फुटत नसे. मास्तरांनी तिला उभं करून 'केशाकर्षण' हा शब्द म्हणायला लावला, सात वेळा. मग वर्गाला अगदी शांतपणे विचारलं, "हिचा कोणता जोड सैल आहे, सांगा." मुली हसल्या. ती पोरही हसली, कारण मास्तर रागावलेले नव्हते. पुढल्या आठवड्यापासून ती विज्ञानाच्या तासाला पोट दुखतं म्हणून घरी जाऊ लागली, आणि मास्तरांनी हजेरीत तिच्या नावापुढे न चुकता खूण केली.

गावात त्यांचं नाव झालं ते रेडिओमुळे. पन्नासनंतरची ती वर्षं. आर्वीत रेडिओ मोजक्या घरी, आणि तो बिघडला की वर्ध्याला नाहीतर नागपूरला न्यायचा. मास्तर घरी येऊन दुरुस्त करत आणि त्याचं काही घेत नसत, पाणीसुद्धा नाही. खाकी पिशवीत लाकडी मुठीचा पेचकस, बकरीच्या केसांचा ब्रश, स्पिरिटची बाटली आणि विणकामाची एक हस्तिदंती सुई. सुई बायकोची होती. जोडीतली दुसरी घरी पडून असे, त्यामुळे पिंपळखुटेबाईंचं विणकाम कायमचं बंद झालं होतं. त्या सुईच्या टोकाने ते रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हवर एकेक टिचकी मारत जात. ज्याच्यावर मारली की फट् होई, तो बिघडलेला.

रेडिओ साफ मुका झाला असेल तर त्यांना त्यात गोडी नसे. त्यांना हवी असे फटफट. बातम्या चांगल्या चालू आहेत, मधेच फट् होतं, पुन्हा सगळं ठीक, आणि माणूस जवळ गेला की आवाज गप्प. असा रोगी कळला की मास्तर जेवण अर्ध्यावर सोडून सायकल काढत. घरात गेल्यावर आधी सगळ्यांना पेटीसमोर बसवायचं, म्हातारी माणसं, सुना, पोरंबाळं सगळी. मग एकेकाला विचारायचं, आवाज झाला तेव्हा तू काय करत होतास? आणि तेच पुन्हा करायला लावायचं. आजोबा पुन्हा खोकत, सून पुन्हा घागर घेऊन ओसरीवरून चाले. "आवाज आला म्हणजे कोणीतरी काहीतरी केलं असते," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते पेटीबद्दल असे आणि माणसांबद्दलही.

सिंदी रेल्वे या गावच्या एका कापूसवाल्याचा रेडिओ असाच फटफटत होता. ही हकिकत मास्तरांनीच आम्हाला शिक्षकांच्या खोलीत सांगितली, चांगली रंगवून. त्यांनी मागची फळी उघडली तर व्हॉल्व्हच्या पायांशी तंबाखूची भुकटी, आणि कोपऱ्यात कापडी चंची. व्यापाऱ्याची आई सत्तरीची. मुलाने तिची तंबाखू सोडवली होती, तशी शपथच घेववली होती देवापुढे. म्हातारीला लपवायला घरात तेवढी एकच जागा सापडली होती, जिथे सुना झाडायला हात घालत नाहीत. मास्तरांना चंची मुकाट्याने तिच्या हातात देता आली असती. त्यांनी ती नातवंडांच्या समोर तळहातावर धरली आणि विचारलं, "हे कोणाचं?" सगळ्यांनी नाही म्हटलं, म्हातारीनेही. मग त्यांनी प्रत्येकाच्या बोटांचा वास घेतला. रेडिओ दुरुस्त झाला. म्हातारी त्या खोलीत पुन्हा येत नाही, हेही त्यांनीच सांगितलं, पुरावा म्हणून.

आम्ही सगळे हसलो. मीही. आता आठवलं की लाज वाटते, पण त्या दिवशी हसले हे खरं आहे.

त्यांच्या घरी मी दोनदा गेले. घर स्वच्छ, रेडिओ कोपऱ्यात, आवाज कसा धुतल्यासारखा. पिंपळखुटेबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या तेव्हा तो ठेवल्याचासुद्धा आवाज झाला नाही. दोन मुलगे होते, तेही पाय न वाजवता चालत. मी निघताना बाई दारापर्यंत आल्या आणि हलकेच म्हणाल्या, "पुन्हा येजा." इतक्या हलके की मला दोनदा ऐकावं लागलं.

हे सगळं माहीत असून मास्तरांना हिवऱ्यांच्या घरी नेलं ते मी. त्याचं खापर मला दुसऱ्या कोणावर फोडता येत नाही.

नानाजी हिवरे म्हणजे माझे शेजारी. तहसील कचेरीतून नाझर म्हणून, म्हणजे जमाखर्चाच्या नोंदी ठेवणारे कारकून म्हणून, निवृत्त झालेले, काटेकोर, कमी बोलणारे. त्यांच्या ओसरीवर कपाटाएवढा रेडिओग्राम होता, वर झाकण, आत तबकड्या वाजवायची सोय. हिंगणघाटच्या गिरणीतला कोणी साहेब विलायतेला परत जाताना तो विकून गेला, तो नानाजींनी घेतला. सकाळच्या बातम्यांना अर्धी आळी त्यांच्या ओसरीवर जमे. नानाजी खुर्चीत बसून ऐकत आणि बातमी जणू आपल्याच सहीने निघाली असल्यासारखी मान हलवत.

घरात तिघंच. नानाजी, त्यांची बायको, जिला सगळे माई म्हणत, आणि सून इंदू. मुलगा वसंता इटारसीला रेल्वेत कारकून. त्याला क्वार्टर मिळालं नव्हतं, तो चार जणांत खोली करून राही, आणि क्वार्टर मिळेपर्यंत सून आमच्याजवळ, असा नानाजींचा हुकूम. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि नवराबायकोचा सहवास सगळा मिळून दोन महिन्यांचासुद्धा नसेल. इटारसीच्या एका शाळेत मॅट्रिक झालेल्या बाईला घ्यायला तयार होते. दोघांचे पगार झाले की खोली भाड्याने घेता आली असती. इंदू नववी झालेली. तिने बाहेरून मॅट्रिकला बसायचं ठरवलं आणि वसंताने चोरून फॉर्म भरला. नानाजींना विचारायची सोय नव्हती. शिकलेली सून घर मोडते, हे मत त्यांनी ओसरीवर कितीदा तरी सांगून ठेवलं होतं.

अभ्यास कधी करायचा? पहाटेपासून इंदूच्या हाताला दम नसे. माईंना मोतीबिंदू, घरचं सगळं तिच्यावर. तिला मोकळीक मिळे ती महिन्यातून चार दिवस, कावळा शिवला की. न्हाणीघरामागे एक लहान खोली होती. त्या चार दिवसांत ती तिथे बसे आणि घरातलं कोणी त्या खोलीच्या उंबऱ्याला पाय लावत नसे. पुस्तकं ठेवायला आर्वीत त्याहून सुरक्षित जागा नव्हती. मी कुंपणावरून पुस्तकं द्यायची, वह्या तपासून परत करायची. भूमिती तिला जमे, इंग्रजी अडे.

दिवाळीनंतर एकदा ती कुंपणाशी येऊन म्हणाली, "बाई, चार दिवसांत काईच होत नाई. मार्च येऊन राह्यला." मी हसत म्हटलं, मग महिन्यातून दोनदा बस, माईंना कुठे दिवस मोजता येतात! मी थट्टेने बोलले. इंदू हसली नाही. त्या महिन्यापासून ती दोनदा बसायला लागली. माईंनी एकदा कपाळाला हात लावला, सूनबाईच्या अंगात रक्त नाही म्हणाल्या, आणि चुलीपाशी गेल्या. चार दिवसांच्या ऐवजी आठ दिवस. इंदूचं इंग्रजी सुधारलं.

आणि नानाजींचा रेडिओ, जो आधी कधीमधीच फटफटे, आता वरचेवर फटफटू लागला.

मी मास्तरांना बोलावलं ते शेजारधर्म म्हणून. नानाजींनी माझ्याकडेच शब्द टाकला होता. मास्तर आले, सगळ्यांना बसवलं, मागची फळी काढली, सुईने टिचक्या मारल्या. एकही व्हॉल्व्ह बोलला नाही. तबकडी लावून पाहिली, तीही स्वच्छ वाजली. नानाजी म्हणाले की तबकडी नेहमीच नीट वाजते, फटफट होते ती बातम्यांना. मास्तर म्हणाले, म्हणजे पेटी चांगली आहे, बिघाड बाहेर आहे, वरच्या तारेत नाहीतर खालच्या. वरची तार बांबूवर नीट होती. खालची, म्हणजे जमिनीत पुरायची तार, अंगणातल्या तुळशीवृंदावनात गेलेली. रेडिओग्राम बसवायला नागपूरचा माणूस आला होता तेव्हा त्याने विचारलं होतं, ओल कायम राहील अशी जागा कोणती? नानाजींनी तुळस दाखवली. तुळशीला रोज पाणी घालता का, असं मास्तरांनी माईंना विचारलं. "रोज पडते पाणी तुळशीले, आजवर चुकलं नाई," माई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. मास्तरांनी माती चाचपली, ओली होती. त्या दिवशी फट् झालंच नाही.

मास्तरांच्या समोर बिघाड गप्प बसला, हे त्यांना लागलं. दुसऱ्यांदा आले तेव्हाही तसंच. मग त्यांनी नानाजींना एक काम सांगितलं. रोज सकाळी बातम्यांना बसताना लिहून ठेवा, फटफट झाली की नाही. नाझरालाच नोंद ठेवायला सांगितली! नानाजींनी नवी वही घेतली, रकाने आखले, तारीख, वार, हवा, फटफट. अडीच महिने एक दिवस गाळला नाही. स्वतः काय लिहून ठेवतो आहोत ते त्यांना कळत नव्हतं, आणि मला, जिने हे सगळं पाहिलं होतं, मलासुद्धा कळलं नाही. मी मराठीची बाई.

फेब्रुवारीतला रविवार होता. बातम्या संपल्या होत्या, ओसरीवर दहा-बारा माणसं होती, मी जोत्यावर बसले होते. इंदू आतल्या दाराशी उभी. मास्तरांनी आदल्या दिवशी वही घरी नेली होती, ती घेऊन आले. माईंना म्हणाले, तुळशीला पाणी घाला बरं, तुम्ही घालता तसं. माईंनी तांब्यातून पळीभर पाणी घातलं, हळदकुंकू वाहिलं. मास्तर इंदूला म्हणाले, आता तुम्ही घाला. इंदूने विहिरीवरून बादली आणली आणि वृंदावनात पूर्ण ओतली, कारण रेडिओला ओल लागते हे सासऱ्यांनी तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. मास्तर हसले. वृंदावनात शेतातली काळी माती भरली आहे, म्हणाले. पळीभर पाण्याने ती वरून ओली दिसते, पण दिवसभरात आतून भेगाळते आणि तार सुटी पडते. बादली पडली की फटफट बंद.

लोकांनी माना डोलावल्या. एवढ्यावर थांबले असते तर मी आज त्यांचं कौतुक लिहिलं असतं.

त्यांनी वही उघडली आणि तारखा वाचायला सुरुवात केली. डिसेंबरची एक ते चार. मग पंधरा ते अठरा. जानेवारीच्या तारखा ते वाचू लागले तेव्हा माझ्या ध्यानात आलं, या इंदू बाजूला बसली आणि माईंनी पाणी घातलं त्या दिवसांच्या तारखा. मी उठून म्हटलं, मास्तर, माती बदलून टाका म्हणजे झालं, आता उशीर होतो आहे. त्यांनी मान डावीकडे कलती केली, डोळे मिटले. माझा आवाज कुठे कापला ते त्यांनी ऐकलं. मग डोळे उघडून इंदूकडे पाहिलं. त्या क्षणी त्यांना सगळं समजलं, याबद्दल मला शंका नाही. एक तरुण मुलगी दाराची चौकट धरून उभी आहे आणि तिचे ओठ पांढरे पडले आहेत, हे त्यांनी माझ्याइतकंच पाहिलं.

"बाई, कारण सांगितल्याबिगर मी पेटी बंद करत नाई," ते म्हणाले. मग माईंकडे वळून, अगदी सौम्यपणे, "चार दिवस बादली पडत नाई, हे समजते. पण महिन्यातून दोनदा काऊन?"

ओसरीवरच्या पुरुषांनी खाली पाहिलं. असल्या गोष्टी चारचौघांत कोणी बोलत नसे. मास्तर बोलू शकत होते, कारण ते सुधारक. माई बोटं मोजत राहिल्या आणि त्यांचा हिशेब जुळेना. नानाजींनी सुनेला एकच प्रश्न विचारला, खरं काय आहे? इंदूने पदर पुढे ओढला. तेव्हा मास्तर उठले. त्या खोलीत जायला घरातलं कोणी धजलं नसतं, नानाजी तर आंघोळ करूनही गेले नसते. मास्तर म्हणाले, मी हे मानत नाही, आणि अंगण ओलांडून सरळ आत गेले. परत आले ते माझ्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन. रेडिओग्रामच्या झाकणावर त्यांनी ते सोडलं. भूमिती, इंग्रजी, इतिहास, माझ्या लाल शाईच्या वह्या, आणि सर्वांत वर परीक्षेचं प्रवेशपत्र. ते त्यांनी मोठ्याने वाचलं, नाव, केंद्र, बैठक क्रमांक. मग बटण फिरवलं. गाणं लागलं, स्वच्छ, एक फट् नाही. त्यांनी सगळ्यांना हाताने खूण केली की ऐका.

इंदू माझ्याजवळून आत गेली. जाताना म्हणाली, "बाई, पंचवीस दिवस तर राह्यले होते."

नानाजी ओरडले नाहीत. त्या घरात ओरडत नसतच. पुस्तकं दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या बंबात गेली, प्रवेशपत्रही. मी बोलायला गेले तर नानाजींनी मला बसा म्हटलं नाही. एवढंच म्हणाले की बाई, तुमची शाळा तिकडे आहे. वसंताला मी पत्र लिहिलं. त्याचं कार्ड आलं, वडिलांचं मन मोडता येत नाही. माईंनी न्हाणीच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारायला सुरुवात केली, आणि महिन्यातून चार, त्याहून एक जास्त नाही. कुंपणाला नानाजींनी तट्टे बांधून घेतले. मला इंदू दिसायची ती पहाटे, विहिरीवर पाणी ओढताना, आणि ती माझ्याकडे बघत नसे. मला वाटतं ती माझ्यावर रागावली होती. तिला तो अधिकार होता.

मी चिडून मास्तरांना रस्त्यात गाठलं होतं. म्हटलं, तुम्ही त्या पोरीचं वाटोळं केलं. त्यांनी सायकलवरून उतरून माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "फटफट गेली की नाई?"

मार्चमध्ये परीक्षा सुरू झाली. बाहेरून बसणाऱ्या बायकांसाठी आमच्या शाळेतली एक खोली दिली होती. खोलीवर मुख्य देखरेख मास्तरांची, त्यांच्या हाताखाली मी. अकरा बायका होत्या, कोणी लुगड्यातून, कोणी पाचवारीतून, एकीने तान्हं मूल व्हरांड्यात आईजवळ ठेवलेलं. खिडकीजवळच्या बाकावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवलेली आणि बाक रिकामा. पेपर वाटून झाले. नियमाप्रमाणे मास्तर दाराशी गेले आणि नाव तीनदा पुकारलं. सौ. इंदिरा वसंत हिवरे. स्वच्छ आवाज, प्रत्येक अक्षर सुटं. तिसऱ्यांदा पुकारून त्यांनी थोडी वाट पाहिली. बायका लिहायला लागल्या होत्या.

परत येऊन त्यांनी मला विचारलं, "ही आपल्या नानाजींची सून न? काऊन नाई आली?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. ते खरोखर विचारत होते. त्यांनी मान कलती करून क्षणभर विचार केला.

"विज्ञानाची धास्ती घेतली असंन," ते म्हणाले. "मले सांगितलं असतं तर मी शिकवलं असतं. रविवारी मी रिकामाच असतो."

मग त्यांनी लाल शाईत तिच्या क्रमांकापुढे 'गैरहजर' असं वळणदार अक्षरात लिहिलं, खाली सही केली, टिपकागद दाबला आणि कागद माझ्याकडे सरकवला. गैरहजेरीखाली दोघांच्या सह्या लागतात. मी केली.